आपले गाव पायी पाहावे

नाताळची सुट्टी जवळ आली, की शाळेच्या पटांगणात एकच विषय निघतो. कोणी महाबळेश्वरला जाणार असतो, कोणी गोव्याला, तर कोणी मामाच्या गावी. ज्याला कोठेच जावयाचे नसते, तो बिचारा हळूच बाजूला सरतो. "तू कोठे जाणार?" असे कोणी विचारलेच, तर "कोठे नाही, घरीच" हे तीन शब्द उच्चारताना त्याला उगाचच ओशाळल्यासारखे होते. हा लेख मी मुख्यतः त्याच्यासाठी लिहीत आहे. माझे त्याला सांगणे असे, की मित्रा, तुझी सुट्टी मुळीच वाया जाणार नाही. दूरच्या प्रवासाला निघण्यापूर्वी जे करावयास हवे आणि बहुतेक जण जे कधीच करीत नाहीत, ते करण्याची संधी तुला मिळाली आहे. तू आपले स्वतःचे गाव पाहा. आणि ते पायी पाहा.

'पिकते तेथे विकत नाही' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मी वसईचा. आमच्या गावी किल्ला पाहण्यासाठी पुण्याहून, नाशिकहून, इतकेच नव्हे तर परदेशांतूनही माणसे येतात. परंतु किल्ल्याच्या तटाशेजारून रोज शाळेला जाणारी, आणि तटावर एकदाही न चढलेली मुले माझ्या वर्गात दरवर्षी असत. डोळ्यांसमोर रोज जे असते, ते डोळ्यांना दिसेनासे होते, हेच खरे. ही केवळ वसईची गोष्ट नव्हे. पैठणच्या, चौलच्या, पंढरपूरच्या मुलांनीही आपापल्या मनाला विचारून पाहावे.

आता कोणी म्हणेल, "गाव पाहावयाचेच, तर पायीच कशाला? गाडीतून अर्ध्या दिवसात सगळे पाहून होईल." याचे उत्तर सोपे आहे. विरारहून मुंबईकडे निघालेली आगगाडी नालासोपारा, वसई, नायगाव ही स्थानके मागे टाकीत वसईच्या खाडीवरील पुलावर केव्हा येते, हे कळतही नाही. तिच्या खिडकीतून काय दिसते? छपरे, खांब आणि फलाटांवरील गर्दी. गाडीतून गाव पाहणे म्हणजे पुस्तकाची पाने भराभर उलटणे होय. पायी चालणारा मात्र एकेक ओळ वाचतो. पायी चालण्यातला सर्वांत मोठा गुण कोणता असेल, तर तो हा, की आपल्याला हवे तेथे थांबता येते. विहिरीच्या कठड्यावर काय कोरले आहे ते वाकून पाहता येते, ओसरीवर बसलेल्या आजोबांना दोन प्रश्न विचारता येतात, आणि वाट चुकली तर त्या चुकीतूनही काही नवे सापडते.

त्यातून नाताळचे दिवस म्हणजे कोकणात भटकण्याचा उत्तम काळ. पावसाळ्यात वाढलेले गवत तोवर वाळलेले असते, तटाबुरुजांवरचे रान विरळ झालेले असते, आणि दुपारचे ऊनही सोसवते. तीन दिवस हाताशी असले, तरी वसईसारखे गाव आपल्याशी बोलू लागते. ते कसे, हे पुढे सांगतो.

पहिला दिवस सोपाऱ्यासाठी ठेवावा. आज नालासोपारा म्हटले, की लोकलची गर्दी आणि उंच इमारती एवढेच डोळ्यांसमोर येते. पण हे गाव फार पुरातन. महाभारतात शूर्पारक म्हणून याचा उल्लेख आहे. पहिल्या शतकात समुद्रप्रवासाविषयी लिहिणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत याचे नाव घेतले आहे. ज्या काळी मुंबई हे नावही कोणाला ठाऊक नव्हते, त्या काळी दूरदेशीची गलबते येथे नांगर टाकीत.

स्टेशनाच्या पश्चिमेला चालत गेले, म्हणजे घरांच्या दाटीत एक मोकळी जागा लागते आणि तेथे विटांचा एक जुना उंचवटा दिसतो. आसपासचे लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले. इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो मध्यभागी खोदविला, तेव्हा कळले, की हा कोट नसून बौद्ध स्तूप आहे. आत एक मोठा दगडी करंडक निघाला. त्यात बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती होत्या, आणि मध्यभागी एकात एक ठेवलेल्या डब्या होत्या. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय असावे? हिरे नव्हे, माणके नव्हेत. तिच्यात मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे होते! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे, असे मानून कोणी तरी ते इतक्या जिव्हाळ्याने जपले होते. वस्तूचे मोल बाजारात ठरते, पण तिचे महत्त्व माणसाच्या मनात ठरते, हे त्या डबीने किती थोडक्यात सांगितले आहे! हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत सुरक्षित आहेत.

हे भगवानलाल कोण, हेही समजून घेण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १८३९ साली जुनागड येथे झाला. त्या गावाजवळ गिरनारच्या पायथ्याशी एक प्रचंड शिळा आहे आणि तिच्यावर सम्राट अशोकाचे लेख कोरलेले आहेत. गावातील किती तरी मुले त्या शिळेजवळून जात-येत असतील. या एका मुलाच्या मनात मात्र ती अक्षरे वाचण्याची ओढ उत्पन्न झाली, आणि ती लिपी तो स्वतःच्या प्रयत्नाने शिकला. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईस आणले, आणि हिंदुस्थानभर हिंडून त्यांनी शेकडो शिलालेख उतरून घेतले. आपल्या गावचा दगड ज्याने लहानपणी नीट पाहिला, त्यालाच मोठेपणी सोपाऱ्याचा दगड ओळखता आला. सोपाऱ्याच्या भातेला तलावाजवळ त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या आज्ञालेखाचा तुकडाही सापडला.

मुलांनो, तो आठवा आज्ञालेख कशाविषयी आहे, हे ऐकलेत तर तुम्हाला नवल वाटेल. तो आहे प्रवासाविषयी! त्याचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. शिकार आणि मौजमजा हाच त्या यात्रेचा हेतू असे. अशोकाने मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाचे दर्शन घेतले आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केली. या यात्रेत तो विद्वानांना व साधूंना भेटे, वृद्धांची विचारपूस करून त्यांना साहाय्य करी, आणि खेड्यापाड्यांतील जनतेला भेटून तिच्याशी धर्माविषयी बोले. या यात्रेत आपल्याला अधिक आनंद मिळतो, असे त्या सम्राटाने नमूद करून ठेवले आहे.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आमच्या सोपाऱ्यात प्रवासाचा हा धडा दगडावर कोरला गेला. प्रवास दोन प्रकारचा असतो. एकात आपण काही तरी मारून, तोडून, मिळवून परत येतो. दुसऱ्यात आपण कोणाला तरी भेटून, काही ऐकून, काही देऊन परत येतो. पहिली विहारयात्रा, दुसरी धर्मयात्रा. आपली सहल यांपैकी कोणती, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाशी ठरवावयाचे आहे.

दुसरा दिवस किल्ल्याचा. वसईचा किल्ला डोंगरावर नाही. तो खाडीच्या तोंडाशी सपाट जमिनीवर पसरलेला आहे. त्याच्या तीन बाजूंना पाणी व दलदल, आणि एका बाजूस जमीन. म्हणून त्याला जमिनीकडचा एक दरवाजा आणि समुद्राकडचा एक दरवाजा. तटाचा घेर सुमारे साडेचार किलोमीटर आहे. तेव्हा हा नुसता किल्ला नव्हे, तर तटाने वेढलेले एक संपूर्ण शहर होते, हे तटाच्या कडेने चालल्यावर पायांनाच समजते. पुस्तकात 'साडेचार किलोमीटर' हे शब्द वाचणे वेगळे आणि ते अंतर स्वतःच्या पायांनी मोजणे वेगळे.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना तहाने दिला. मुंबईची बेटेही त्यातच गेली. दोन वर्षांनी पोर्तुगीजांनी येथे किल्ल्याचे काम सुरू केले आणि पुढे दोन शतके येथून उत्तर कोकणावर राज्य केले. किल्ल्यात आज उभ्या असलेल्या उंच कमानी त्या काळच्या चर्चच्या व मठांच्या आहेत. याच वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया जन्मला. तो येथेच जेझुइटांच्या शाळेत शिकला, पुढे जपानात गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आपल्या श्रद्धेसाठी क्रुसावर प्राणांस मुकला. १८६२ साली त्याला संतपद देण्यात आले. भारतात जन्मलेला तो पहिला ख्रिस्ती संत.

परंतु सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोर्तुगीज राजवटीत परधर्मीयांवर जुलूम झाले, देवळे पडली, आणि पुष्कळांना गाव सोडून जावे लागले. १७३७ साली मराठ्यांनी उत्तर कोकणात मोहीम सुरू केली. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली १७३९ च्या फेब्रुवारीपासून वसईला वेढा पडला. दलदल, तोफांचा मारा आणि तटाखाली खणावयाचे सुरुंग यांना तोंड देत मराठी फौज झुंजत राहिली. हजारो माणसे कामी आली. अखेर मे महिन्यात किल्ला शरण आला. तेव्हा चिमाजी आप्पांनी शरण आलेल्यांना आपल्या बायकामुलांसह व चीजवस्तूंसह सन्मानाने जाऊ दिले. विजय मिळविणे हा पराक्रम खरा. पण विजयानंतर हात आवरणे हा त्याहूनही कठीण असा दुसरा पराक्रम होय. तटावर उभे राहून मुले 'हर हर महादेव' अशी आरोळी ठोकतात, ते मला आवडते. मात्र त्यांनी या दुसऱ्या पराक्रमाची आठवणही ठेवावी, असे मला वाटते.

या विजयाच्या खुणा दूरवर पसरल्या आहेत. वसईच्या मोहिमेत हाती आलेल्या चर्चच्या मोठ्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर तशा घंटा आजही पाहावयास मिळतात. तुम्ही कधी तेथे गेलात, तर वसईची आठवण काढा.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तैनाती फौजेचा जो तह केला, तोही याच वसईत. ज्या गावाने मराठ्यांचा एक थोर विजय पाहिला, त्याच गावाने त्रेसष्ट वर्षांनी पेशवाईचे स्वातंत्र्य कागदावर संपताना पाहिले. पाहा, १५३४ चा तह २३ डिसेंबरचा, आणि हा ३१ डिसेंबरचा. दोन्ही तारखा आपल्या नाताळच्या सुट्टीच्या दिवसांतल्या! आणि 'नाताळ' हा शब्द तरी कोठला? तोही पोर्तुगीजच. पाव, बटाटा, अननस, काजू, चावी, लिलाव हे त्याचे सोबती. राज्य गेले, पण शब्द मराठीच्या घरी राहिले आणि घरचेच होऊन गेले.

आता मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे.

मी सहावीत असताना शाळेच्या सहलीबरोबर या किल्ल्यात आलो होतो. माझ्या खिशात एक खिळा होता. सगळे पुढे गेल्यावर मी एका पडक्या प्रार्थनागृहाच्या भिंतीवर, चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर माझे नाव कोरले. त्या वेळी मला मोठी फुशारकी वाटली. वर्षे गेली, मी शिक्षक झालो, आणि एका डिसेंबरात माझ्या वर्गाला घेऊन तेथेच आलो. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा मी मुलांना दाखविल्या. त्यांवरची नावे माणसे गेल्यावर घरच्यांनी कोरविलेली होती. मग भिंतींवरची ओबडधोबड नावे दाखवून मी तावातावाने म्हणालो, "ज्यांना आपल्या गावची लाज नाही, तीच माणसे असे करतात." थोड्या वेळाने एक मुलगा धावत आला आणि हळूच म्हणाला, "सर, तिकडे भिंतीवर तुमचे नाव आहे."

मी तेथे गेलो. अक्षर माझेच होते. 'ते दुसऱ्या कोणाचे असेल' असे म्हणून वेळ मारून नेणे अगदी सोपे होते. क्षणभर तो मोह झालाही. पण सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "होय. ते मीच कोरले आहे. तेव्हा मी तुमच्याएवढा होतो." कोणी हसले नाही. मग एका मुलीने विचारले, "सर, आता ते पुसून टाकता येईल का?" मी भिंतीवरून हात फिरवून पाहिला. ते पुसावयाचे, तर गिलावा आणखी खरवडावा लागणार होता. मी तिला सांगितले, "नाही. पुसायला गेलो, तर भिंतीला दुसरी जखम होईल."

त्या दिवशी मला अशोकाचा आज्ञालेख खऱ्या अर्थाने कळला. सहावीतली माझी ती सहल म्हणजे विहारयात्राच होती. मी किल्ला पाहावयास गेलोच नव्हतो. किल्ल्याने मला पाहावे, म्हणून गेलो होतो. ज्या भिंतीने वादळे सोसली, तोफा सोसल्या, तिला मी एका खिळ्याने दुखविले, आणि ते दुखणे माझ्या हातून आता दुरुस्त होण्यासारखे नाही. मुलांनो, तुम्ही ही चूक करू नका, एवढ्यासाठीच हे लिहिले. खिशात खिळा नेण्याऐवजी वही आणि पेन्सिल न्या. आपले नाव भिंतीवर लिहू नका. भिंतीविषयी जे कळले ते वहीत लिहा.

किल्ल्यातून परतताना समुद्राकडच्या दरवाजाबाहेरही अवश्य जावे. तेथे किल्लाबंदराची कोळ्यांची वस्ती आहे. बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकत घातलेले असतात, जाळी विणण्याचे काम चाललेले असते. या लोकांचा जाण्यायेण्याचा रस्ता किल्ल्यातूनच जातो. आपण ज्याला भग्नावशेष म्हणतो, तेथून कोणाचा तरी रोजचा संसार चालत जातो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा दिवस वाड्यांचा. वसईच्या पश्चिम भागात गिरीज, वाघोली, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी अशी गावे आहेत. केळीच्या बागा, पानवेली आणि फुलझाडे यांसाठी हा पट्टा प्रसिद्ध होता, आणि काही प्रमाणात आजही आहे. केळी उन्हात वाळवून केलेली येथील सुकेळी ज्याने खाल्ली, तो ती विसरत नाही. येथे निर्मळच्या तळ्याकाठी देऊळ आहे, वाटेवर ठिकठिकाणी क्रूस आहेत, आणि शेजारी शेजारी राहणारे हिंदू व ख्रिस्ती शेतकरी आहेत. येथील सामवेदी समाजाची बोली कानावर पडली, तर थांबून ऐका. ती 'कादोडी' नावाची मराठीची एक बोली आहे आणि तिच्यात असे शब्द आहेत, जे तुमच्या पुस्तकात सापडणार नाहीत.

या वाड्यांत 'बावखल' पाहावयास विसरू नका. बावखल म्हणजे बागायतीसाठी खणलेले लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना गोड पाणी मिळते. समुद्र इतका जवळ असताना विहिरी गोड राहाव्यात, यासाठी आपल्या पूर्वजांनी योजलेली ही युक्ती. वरकरणी मात्र ते केवळ शेवाळलेले डबके दिसते. म्हणून पुष्कळ बावखले बुजविली गेली आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या.

मला येथे कोणाला दोष द्यावयाचा नाही. १८६७ मध्ये विरारपासून मुंबईपर्यंत आगगाडी सुरू झाली, तिच्या आधाराने माणसे आली, आणि आलेल्या माणसांना घरे हवीच. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली; २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती; २०१४ साली पालघर हा नवा जिल्हा झाला आणि वसई त्यात आली. गाव वाढावे, यात वाईट काय? पण २०१८ च्या जुलैत मोठा पाऊस झाला आणि येथील घरांत, रस्त्यांवर, रुळांवर पाणी भरून राहिले. त्याला कारणे अनेक होती. तरीसुद्धा पाण्याला बसावयास जी जागा पूर्वी होती, ती आपणच थोडी थोडी काढून घेतली, हे नाकारता येणार नाही. पाणी जागा विसरत नाही, माणसे विसरतात.

आणि माणसे का विसरतात? माझे उत्तर हे, की ती चालेनाशी झाली म्हणून. जो त्या वाटेने पायी गेला आहे, त्याला बावखल कोठे होते हे ठाऊक असते. जो कधी गेलाच नाही, त्याला ते नाहीसे झाल्याचे कळतही नाही. जे आपण पाहिले नाही, त्याचे आपल्याला दुःख होत नाही. आणि ज्याचे दुःख होत नाही, ते राखण्यासाठी कोणी धडपडत नाही. वसईची हिरवाई वाचविण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस येथे लोकांची चळवळ उभी राहिली. तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. पुढे २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांना लाभले, तेच हे. ते नंदाखालचे, या मातीत वाढलेले. आपल्या गावच्या वाटा ज्याच्या पायांखालच्या असतात, त्यालाच त्या वाटांसाठी उभे राहण्याचे बळ येते.

म्हणून माझे म्हणणे असे, की गाव पायी पाहणे ही केवळ करमणूक नव्हे. ते नागरिकत्वाचे पहिले शिक्षण आहे. मतदानाचा हक्क तुम्हाला अठराव्या वर्षी मिळेल. पण आपले गाव ओळखण्याचा हक्क आजच आहे, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. दूरचे प्रवास करू नयेत, असे मी म्हणत नाही. जग अवश्य पाहावे. मात्र ज्याला आपल्या अंगणातले पाहता येते, त्यालाच जगातलेही पाहता येते. जुनागडच्या त्या मुलाची गोष्ट हेच सांगते.

निघताना थोडी काळजी मात्र घ्या. एकटे जाऊ नका. घरातले वडीलधारे माणूस किंवा शिक्षक बरोबर असू द्या. पडक्या भिंतींवर चढू नका, विहिरीत वाकू नका. पाण्याची बाटली घ्या आणि रिकामी झाली, की ती परत घरी आणा. कोणाच्या वाडीत विचारल्याशिवाय शिरू नका. आणि रोज निदान एका वृद्ध माणसाला नमस्कार करून विचारा, "आजोबा, तुम्ही माझ्याएवढे होतात, तेव्हा येथे काय होते?" या एका प्रश्नाने जी दारे उघडतात, ती कोणत्याही किल्लीने उघडत नाहीत.

सुट्टी संपून शाळा भरेल, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न निघेल : "तू कोठे गेला होतास?" या वेळी मान खाली घालण्याचे कारण नाही. "मी माझ्या गावाला गेलो होतो," असे खुशाल सांगा. आणि मित्रांनी "म्हणजे कोठे?" असे विचारले, तर त्यांना हाताला धरून चालत घेऊन जा आणि दाखवा.